हलक्या धानाचा कुत्रा

आश्विन सरत आला की घुग्घुसच्या धुळीतही मला तणसाचा वास येतो. इथे धान नाही, धानाचं पिवळं तणीस नाही, बांध घातलेली बांधी नाही. माझ्या खिडकीसमोर वजनकाटा आहे आणि काट्यापुढे कोळशाच्या ट्रकांची रांग. ट्रक रिकामे येतात, भरून जातात, आणि मी दोन्ही वेळा त्यांच्याकडे संशयाने पाहते. ड्रायव्हर खाली उतरला का, एखादं चाक काट्याच्या बाहेर तर राहिलं नाही ना, क्लीनर मागे लोंबकळत तर नाही ना. माझं कामच ते आहे. संध्याकाळी खोलीवर आले की ओढणी झटकते, काळी भुकटी उडते, आणि त्या भुकटीच्या मागून कुठूनसा ओल्या तणसाचा वास येतो. मग मला कळतं की गावाकडे विळे बाहेर निघाले असतील.

यंदाही तसंच झालं. मी फोन करायच्या आत मायचाच फोन आला. हलका धान कापायला घेतला, कापलेल्या धानाच्या कडपा वाळायला पडल्या आहेत, आभाळ जरा दाटल्यासारखं वाटतं, बाबाची कंबर बरी आहे. "सगळं बरं हाय," ती म्हणाली. माय "सगळं बरं हाय" म्हणाली की मी खुर्चीवर ताठ बसते. बरं नसलेलं काहीतरी एक त्या वाक्याच्या मागे नक्की उभं असतं.

संशय आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरात आहे. पाकिटातलं दूध माय दोनदा उकळते. बियाण्याची पिशवी दुकानदारासमोरच फोडून मूठभर दाणे तळहातावर पसरते. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा आमच्या घरात कुणाला आनंद होण्याआधी संशय आला. आमच्या खानदानात त्याआधी दहावी कुणी पाहिली नव्हती, मग पहिली कशी येईल? माय गुणपत्रिका पदरात गुंडाळून गुरुजींच्या घरी गेली. गुरुजी हसले, म्हणाले, बाई, पोरगी खरंच पहिली आहे. तरी ती म्हणाली, "पुन्हा एकदा पाहा जी." गुरुजींनी पुन्हा एकदा पाहिलं. ते थोर होते. त्यांनीच पुढे मला मूल गावच्या कॉलेजात घालायला लावलं, आणि मी बी.एस्सी. झाले तेव्हा माय कुणाला विचारायला गेली नाही. तेवढा एक विश्वास कमवायला मला पाच वर्षं लागली.

तर अशा घरात यंदाच्या उन्हाळ्यात भुरू आला.

तो वर्षाताईंचा. वर्षाताई घुग्घुसला माझ्या शेजारच्या खोलीत राहायच्या. यजमान लोखंडाच्या कंपनीत कामाला. दोघांनी हौसेने नागपूरहून एक पामेरियन पिल्लू आणलं होतं, तपकिरी, कापसाच्या बोंडाएवढं तोंड आणि त्यात दोन काळे मणी. आणि मग यजमानांची बदली कंपनीच्या सूरजागडच्या खाणीकडे झाली. एटापल्लीला त्यांना जी खोली मिळाली ती आणखी दोन बिऱ्हाडांबरोबर वाटून घ्यायची होती, तिथे कुत्रं चालणार नव्हतं. वर्षाताई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, दिवाळीपर्यंत क्वार्टर मिळेल, तोवर सांभाळशील का? माझा घरमालक मांजरसुद्धा चालवून घेत नाही. मी भुरूला टोपलीत घालून बसने गावाला घेऊन गेले. बरोबर पिल्लांच्या खाण्याची अर्धी गोणी होती, लहान लहान दाण्यांची. निघताना वर्षाताई म्हणाल्या होत्या, याला हेच द्यायचं, भात-वरण नाही. हा लहान जातीचा आहे, मोठं होईपर्यंत हेच.

मोठं होईपर्यंत. हे शब्द मी मायला जसेच्या तसे सांगितले. पुढचं सगळं रामायण त्या दोन शब्दांतून झालं.

मायने गोणीत हात घातला, एक दाणा उचलला, हुंगला, उजेडाकडे धरला. "हे कायचं बनवतेत?" मी गोणीवरचं वाचून दाखवलं. कोंबडी, तांदूळ, माशाचं तेल, आणखी काही. तिने विचारलं की तांदूळ यात असतोच, तर मग आपल्या घरच्या तांदळाने काय घोडं मारलं? पण दुसऱ्याची वस्तू आहे म्हटल्यावर माय फार कडक होते. दुसऱ्याचं पातेलं परत करतानासुद्धा ती ते आपल्या पातेल्यापेक्षा जास्त घासते. भुरूला ठरल्या वेळी ठरलेले दाणे मिळू लागले. तो खात असताना माय काठी घेऊन शेजारी बसायची, कारण गल्लीतली कुत्री आणि आमच्याच कोंबड्या त्याच्या ताटलीवर टपलेल्या. भुरू कोंबड्यांना भ्यायचा. कोंबडी आली की ताटली सोडून मायच्या लुगड्यात शिरायचा.

उन्हाळा गेला, रोवणी झाली, निंदण झालं. मी महिन्यातून एकदा गावी जायची आणि दर वेळी भुरू थोडा थोडा वाढलेला दिसायचा. गणपतीनंतर मात्र तो थांबला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते हलक्या धानाच्या कापणीत. आमच्याकडे धान दोन तऱ्हेचा. हलका बुटका असतो, लवकर निसवतो, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे कापायला येतो. भारी उंच, सावकाश, थंडी चांगली पडल्यावर विळ्याखाली येतो. त्या दिवशी बांधीत पाच-सहा बाया रांगेने कापत होत्या. चिखल नुकता सुकलेला, पायाखाली खपल्या मोडायच्या. बांधावर भुरू बसला होता आणि त्याच्या शेजारी सुमनकाकीचा मोत्या. मोत्या आणि भुरू साधारण एकाच वयाचे. मोत्या वासरासारखा दिसत होता. भुरू त्याच्या पोटाखालून जात होता.

सुमनकाकी आमच्या शेजारची, मायची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि टोमणा मारायची एकही संधी न सोडणारी. ती विळा न थांबवता म्हणाली, "काऊन वं, पोरीनं घुग्घुसवरून कुत्रा आणला का ससा?"

बाया हसल्या. माय म्हणाली, "ससा त ससा. तुह्या मोत्यासारखा लोकाच्या चुलीत तोंड त नाई घालत."

बाया आणखी हसल्या. पण त्या संध्याकाळी मायने बाबाला काटा काढायला लावला. भुरूला टोपलीत बसवून बाबाने बल्लीला टांगलेल्या धानाच्या काट्याला अडकवलं. पोळ्याला असाच तोलला तेव्हा जिथे काटा होता तिथून तो फारसा हललेलाच नव्हता. मायला आधी काट्याचा संशय आला. तिने टोपली काढून तांदळाचं मापलेलं गाठोडं लावून पाहिलं. काटा बरोबर होता.

"वाढून नाई राह्यला हा," ती म्हणाली. "दिवाळीले ते बाई येईन. काय म्हणन? पोटभर खाऊ घातलं नाई म्हणन. कुत्र्याचं खाणं बी याइनंच खाल्लं म्हणन."

मला हसू आलं होतं, ते गिळलं. कारण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होते. आपल्याकडे दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली वस्तू खराब झाली तर, याची ती धास्ती. आयुष्यभर लोकांच्या मापांवर संशय घेतला, आता आपल्यावर कुणी घेईल.

मग आमच्या घरात शोध सुरू झाला. मायला गोणीचा संशय. पहिली गोणी वर्षाताईंनी दिलेली, तिच्यावर वाढला. दुसरी मी चंद्रपूरहून आणलेली, तिच्यावर थांबला. म्हणजे दुसरी बनावट. मी त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ताई, पिल्लूच आहे अजून, आणखी वर्षभर हेच द्या, आणि माझ्यासमोर मोठी गोणी ठेवली. त्या मोठ्या गोणीचाच मला संशय आला. मी रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात गेले. तिथला दुकानदार म्हणाला, सहा महिने झाले की लगेच मोठ्या कुत्र्याचं सुरू करायचं, आजच न्या. त्याच्या मागच्या फळीवर मोठ्या कुत्र्यांच्या गोण्यांवर धूळ बसली होती. मला त्या धुळीचाही संशय आला. दोघांपैकी एकाने तरी भुरू कोणत्या जातीचा, किती मोठा, हे विचारायला हवं होतं. कुणीच विचारलं नाही. मी रिकाम्या हाताने बसमध्ये बसले.

मला स्वतःला बाबाचा संशय होता. भुरू ताटलीत दाणे ठेवून उठायचा आणि तरी त्याचं पोट गोल गोल होत चाललं होतं. एकदा त्याने माझ्या तोंडाजवळ जांभई दिली तर अस्सल मासळीचा वास. धान कापताना बांधीतल्या डबऱ्यांतले बारके मासे बाबा दर वर्षी पकडतो. मी विचारलं तर म्हणाला, "मी कायले देऊ? तोच गेला असन बांधीत."

जो कोंबडीला भितो तो बांधीत मासे मारायला गेला. मी बाबाकडे पाहिलं. बाबा विळ्याला धार लावत राहिला.

आज काट्यावर बसून मी विचार करते तेव्हा वाटतं, त्या दिवसांत आम्ही तिघंही एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत होतो, आणि घरात एवढी जवळीक मी कॉलेजला गेल्यापासून पहिल्यांदा आली होती. रोज फोन. रोज चौकशी. आज काय खाल्लं, किती खाल्लं, कुणी दिलं. मी बारावीला असताना मायने माझी एवढी चौकशी केली होती. तेव्हा मला वाटायचं ही माझ्यावर पाळत ठेवते. कंदिलाची काच पुसताना ती माझ्या वहीकडे पाहायची, अक्षर न ओळखता. पान भरलं की नाही एवढंच तिला कळायचं, आणि तेवढं ती रोज पाहायची.

शेवटी आम्ही भुरूला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. माय, मी आणि टोपली. रांगेत आमच्या पुढे एक म्हैस आणि दोन शेळ्या. डॉक्टर तरुण होते, घामाघूम. टोपलीत काय निघालं ते पाहून त्यांच्या तोंडावर विसावा आला. त्यांनी भुरूला टेबलावर ठेवलं, फासळ्यांवरून बोटं फिरवली, मग माझी बोटं तिथे ठेवली. फासळ्या हाताला लागल्या पाहिजेत, म्हणाले, याच्या शोधाव्या लागतात. उपाशी नाही, उलट जरा जास्तच झालंय. आणि वाढ खुंटलेली नाही. वाढ पूर्ण झाली आहे. लहान जातीचं कुत्रं लवकर मोठं होतं, दहा महिने ते वर्षाच्या आत-बाहेर. मोठ्या जातीला दीड-दोन वर्षं लागतात. पिल्लाचं खाणं वाढीसाठी जड केलेलं असतं. वाढ थांबल्यावर तेच दिलं तर त्याची चरबी होते. आता मोठ्याचं सुरू करा, लहान जातीचंच, पण एकदम नाही. जुन्यात थोडं नवं मिसळा, दोन-तीन दिवसांनी अर्धं-अर्धं, मग नवं जास्त. आठवडाभर, फार तर दहा दिवस. पोट बिघडलं तर एक पायरी मागे या. आणि या काळात त्याची जागा बदलू नका. नवं घर आणि नवं खाणं एकाच वेळी नको.

माय सगळं ऐकत होती, डोळे बारीक करून. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हशीवाल्या डाक्टरले कुत्र्याचं काय समजते?"

बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन ती खिडकीबाहेर पाहत होती. दोन्हीकडे बांध्या. काही कापलेल्या, पिवळ्या कडपांनी झाकलेल्या. काही अजून हिरव्या, छातीएवढ्या उंच. मी म्हटलं, माय, हा हलका धान आहे. मोत्या भारी. हलका बुटकाच असतो, भारी धानाएवढा उंच होईल म्हणून कुणी थांबतं का? थांबलं तर काय होतं?

"दाणा झडते," ती म्हणाली. मूलचा फाटा गेल्यावर तिने मान वळवली. "धानाची लोंब दिसते. लोंब पाहून कापतेत. याची लोंब कुठी हाय?"

असा प्रश्न मला कॉलेजात कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, काटा थांबला ना माय, तीच याची लोंब. तुम्ही त्याच्यावरच घाबरलात.

ती हसली नाही. पण तिने टोपलीचं झाकण थोडं उघडलं आणि भुरूला बाहेरच्या बांध्या दाखवल्या.

नवी गोणी आली. लहान जातीच्या मोठ्या कुत्र्यांची. मायने तिचाही एक दाणा हुंगला आणि पहिल्यापेक्षा बरा आहे असं ठरवलं. मिसळायला सुरुवात झाली. बाबाला मासे बंद करायला सांगितलं. बाबा म्हणाला मी देतच नव्हतो, आणि दुसऱ्या दिवसापासून भुरूच्या तोंडाला वास येणं थांबलं.

दिवाळी झाली आणि वर्षाताईंचा फोन आला. क्वार्टर मिळालं होतं. त्या भुरूला न्यायला येणार होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टर, हलका धान, मिसळणं. त्या खूष झाल्या. मग आठवड्याने येते, म्हणाल्या, त्याचं खाणं नीट बसू दे.

आठवड्याने मी मायला विचारलं. "अर्धं-अर्धं चालू हाय," ती म्हणाली. एक दिवस पोट ढिलं झालं, म्हणून मागे आले. डॉक्टरच म्हणाले होते मागे या म्हणून. मी वर्षाताईंना तसं कळवलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारलं. थंडी पडली, थंडीत एकदम बदलणं बरं नाही, अर्धं-अर्धं चालू हाय. त्याच्या पुढच्या आठवड्यात भारी धानाची कापणी लागली, घरात कुणी नसतं, नजर ठेवायला कोण, अर्धं-अर्धंच बरं. ज्या बाईला म्हशीवाल्या डॉक्टरच्या एका शब्दाचा भरवसा नव्हता, ती आता त्याचे शब्द मला पाठ म्हणून दाखवत होती. नवं घर आणि नवं खाणं एकाच वेळी नको.

मी वजनकाट्यावर काम करते. तोच आकडा तीनदा आला की मी खिडकीबाहेर डोकं काढते.

भारी धान मळून आला त्या रविवारी मी न सांगता गावी गेले. अंगणात धान रचलेल्या पुंजण्यांच्या जागी भुसा उडत होता. माय दारात बसून सुपाने दाणे पाखडत होती आणि भुरू तिच्या पायाशी, उन्हात, पाय वर करून. फासळ्यांवर हात ठेवला. बोटांना लागल्या, दिसत नव्हत्या. केसांना चमक होती. मी आत गेले. पिल्लांच्या खाण्याची गोणी धुऊन, वाळवून, लाखोरीच्या डाळीचं बियाणं भरून भिंतीला उभी केली होती. केव्हाची. बियाण्यावर कडुनिंबाचा पालाही टाकून झाला होता आणि तो पाला पार वाळला होता. भुरूच्या ताटलीत दुपारचे उरलेले चार दाणे होते, चारही नव्या गोणीतले. नवी गोणी तळाला आली होती.

मी बाहेर आले. मायने वर पाहिलं नाही. सूप हलत राहिलं.

"अर्धं-अर्धंच चालू हाय," ती म्हणाली. "सांगजो तिले."

बाबा तणसाच्या ढिगाआड होता. तोही बाहेर आला नाही.

माझ्याच हातात फोन होता आणि तो वाजायला नको तेव्हाच वाजला. वर्षाताई. पुढच्या रविवारी जीप मिळते आहे, म्हणाल्या, झालं का गं त्याचं? सुपाचा आवाज थांबला. मी भुरूकडे पाहिलं. तो भुरू त्यांचा होता, हे मला माहीत होतं. त्यांनी विश्वासाने ठेवला होता, आणि ज्या घरात दुसऱ्याचं पातेलं आपल्यापेक्षा जास्त घासतात त्या घराच्या अंगणात मी उभी होते.

"नाही हो ताई," मी म्हणाले. "अजून अर्धं-अर्धंच चालू आहे."

मग त्या म्हणाल्या की इथे क्वार्टरच्या मागे लगेच जंगल आहे, आणि यजमानांच्या पाळ्यांमुळे त्या बराच वेळ एकट्या असतात, आणि कालच कुणाचं तरी कुत्रं बिबट्याने नेलं. "सावकाश होऊ दे," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा पोटाला घाई नको. माईंना सांग, मी मधे-मधे येऊन भेटून जाईन त्याला."

फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, यांना कळलंय. कदाचित पहिल्याच आठवड्यात कळलं असेल.

मायने विचारलं, काय म्हणे? मी सांगितलं, सावकाश होऊ दे म्हणे. भेटायला येत जाईन म्हणे.

ती उठली. पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर सुटकेचं काही दिसेल म्हणून मी पाहत होते. तिचे डोळे बारीक झाले होते.

"असं काऊन म्हणे?" ती म्हणाली. "आपलं कुत्रं कोणी असं सोडते का? भेटाले येतो म्हणन आन् घेऊन जाईन."

तिने भुरूला उचलून आत नेलं. त्या दिवसापासून आमच्या घराच्या पुढच्या दाराला भर दुपारीही आतून कडी असते. आणि वर्षाताई भेटायला आल्या की माय त्यांना चहा देते, चिवडा देते, पाटावर बसवते, आणि त्या उठेपर्यंत कडीच्या बाजूलाच बसून राहते.